सरपंचपद मी पुकारलं

मासळीचा लिलाव पुकारायला मोठा आवाज लागतो, असं बघणाऱ्यांना वाटतं. आवाज लागतोच. पण त्याहून जास्त लागतं ते थांबणं. कुठे थांबायचं आणि किती, हे ज्या बाईला कळलं तिच्या हातून माल चांगल्या भावाने जातो. मला हे माझ्या सासूने शिकवलं. नवापूरच्या जवळच समुद्राला लागून आमचं गाव. तिथल्या किनाऱ्यावर सासूने उभी हयात लिलाव पुकारले. तिच्या गुडघ्यांनी हात टेकले तेव्हा ती जागा माझ्याकडे आली. मी दहावी पास, हिशेबाला बरी आणि तोंडाने तिच्याहून फटकळ. नवरा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी. घरात जे शिजतं त्यातलं अर्धं त्याच्या मेहनतीचं आणि अर्धं माझ्या तोंडाचं, असं तोच म्हणतो.

बोट लागली की माल वाळूवर येतो. भोवती गावच्या बायका, बोईसरच्या बाजारात बसणाऱ्या बायका आणि बाहेरचे दोन-चार व्यापारी उभे असतात. मी बोली वाढवत नेते. वाढायची थांबली की ‘एक वार’ म्हणते, मग ‘दोन वार’, मग ‘तीन वार’, आणि टोपलीवर हात ठेवते. हात ठेवला की माल गेला. त्यानंतर कुणी दुप्पट पैसे घेऊन आलं तरी त्याला कुणी हिंग लावून विचारत नाही. कागद नसतो, पावती नसते, तरी आजवर कुणी शब्द मोडल्याचं मला आठवत नाही. एकदा तारापूरच्या कॉलनीतले एक साहेब स्वस्त मिळेल म्हणून थेट किनाऱ्यावर आले होते. पापलेटवर माझा हात पडल्यावर ते म्हणाले, ‘मी शंभर जास्त देतो.’ सगळ्या बायका हसल्या. साहेबांना आपलं काय चुकलं ते कळलंच नाही.

माझी खरी मेख दोन वार आणि तीन वार यांच्या मधे आहे. सासू म्हणायची, ‘दोन वारावर दम घे.’ तिथे मी थांबते. मासळीचे कल्ले उघडून दाखवते, काहीतरी गंमत बोलते. गावच्या बाईची ऐपत तोवर संपलेली असते, पण बाहेरचा व्यापारी मनात आकडेमोड करत असतो, फोन लावत असतो. त्याला तेवढी उसंत मिळाली की तो आणखी एक पायरी चढतो. बोटमालकाचा फायदा त्या उसंतीत असतो, म्हणून बोटमालक माझ्यावर खूश. हे आता इतकं अंगवळणी पडलंय की मी थांबते हे मलाही कळत नाही.

मागच्या निवडणुकीत आमच्या गावचं सरपंचपद बायांसाठी राखीव झालं. गावकीची, म्हणजे गावातल्या जुन्या जाणत्या पुरुषांची, बैठक बसली आणि त्यांनी ठरवलं की निवडणूक बिनविरोध करायची आणि पदाचा लिलाव करायचा. लिलाव हा शब्द बाहेर काढायचा नाही, देणगी म्हणायचं. जो जास्त देणगी देईल त्याच्या घरची बाई फॉर्म भरेल, दुसरं कुणी भरणार नाही. त्या पैशातून देवळाचा सभामंडप होईल.

आज हे वाचणाऱ्याला चमत्कारिक वाटेल, पण मला तेव्हा ते पटलं होतं. त्याच्या आधीच्या निवडणुकीत काय झालं ते मी बघितलं होतं. दोन्ही बाजूंनी पाकिटं आली होती. आमच्या घरात चार मतं, म्हणून चार पाकिटं इकडची आणि चार तिकडची. सासूने दोन्हीकडची घेतली, मोजली, आणि ‘यंदा बोंबील नाय, पन मतं चांगली लागली’ म्हणाली. मी एका बाजूला मत दिलं. कुठल्या, ते आठवत नाही. निवडून आलेल्याने पाच वर्षं आम्हाला ओळख दाखवली नाही, आणि त्यात मला वाईट वाटण्यासारखं काही दिसलं नाही. त्याने माल घेतला होता, पैसे दिले होते, व्यवहार मिटला होता. तेव्हा गावकी जे म्हणत होती ते सरळच होतं. पैसा तर वाटला जाणारच आहे, तर एकेकाच्या कनवटीला लागण्यापेक्षा एकरकमी देवळाला लागू दे.

लिलाव म्हटल्यावर पुकारायला मलाच बोलावलं. मी हो म्हटलं.

याच दिवसांत माझी थोरली जाऊ माझ्याकडे आली. तिच्याबद्दल थोडं सांगायला हवं. माझे थोरले दीर छातीत कळ येऊन गेले त्याला बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. बोटीत तिचा वाटा कधीच नव्हता. तिची सगळी शेती म्हणजे गावामागची खाडी. ओहोटी लागली की कमरेला टोपली बांधून ती आणि तिच्यासारख्या वीसेक बायका चिखलात उतरायच्या. खडकावरची कालवं कोयत्याने फोडायच्या, बिळात हात घालून चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, काढायच्या, चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या पकडायच्या. संध्याकाळी तेच बोईसरला नाहीतर सालवडला कामगारांच्या खोल्यांपुढे बसून विकायच्या. बोटवाल्यांना खाडीची पर्वा नव्हती, त्यांची मासळी आठ-दहा तास आत समुद्रात. खाडी म्हणजे ज्यांच्याकडे बोट नाही त्यांची.

तर त्या खाडीच्या कडेने एक मोठी पाइपलाइन येणार होती. कुठल्या कारखान्याची, ते कुणी स्पष्ट सांगत नव्हतं. माणसं येऊन मोजमापं घेऊन गेली, चुन्याच्या खुणा मारून गेली. त्यासाठी ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला लागणार होता आणि त्यावर सरपंचाची सही. पलीकडच्या एका खाडीत असंच कारखान्याचं पाणी सोडल्यावर तिथल्या बायकांचं काय झालं ते जावेने पाहिलं होतं. त्यातल्या दोघी तिच्या शेजारी बाजारात बसायच्या, नंतर दिसेनाशा झाल्या.

ती माझ्या ओट्यावर बसली आणि म्हणाली, ‘मी सरपंच व्हते.’

मला हसू आलं. ‘बाय, सरपंच होऊन तू काय करशील?’

‘काय पन करायचं नाय. फकत सही करायची नाय.’

एवढाच तिचा जाहीरनामा. आणि त्यावर मी जे बोलले ते मला पुरतं आठवतं, कारण नंतर मी ते स्वतःशी पुष्कळदा बोलून पाहिलं आहे. मी म्हणाले, ‘मग बोली लाव.’

ती म्हणाली, ‘लावते.’

आम्हा दोघींच्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. आमच्याकडे वस्तू हवी असेल तर बोली लावतात. जी टोपली हवी तिच्यापुढे उभं राहायचं आणि दुसऱ्यापेक्षा जास्त म्हणायचं. सरपंचपद गावकीने वाळूवर आणून ठेवलं होतं, तेव्हा तेही तसंच घ्यायचं. खाडीवरच्या बायकांनी बचत गटाचे पैसे काढले. बर्फाची मोठी पेटी घ्यायची म्हणून ते साठवले होते. कुणी बांगड्या मोडल्या, एकीने भावाकडून आणले. सगळं मिळून तीन लाखांवर गेलं. मी बायकांना सांगितलं, ‘तीन म्हणजे पुष्कळ झाले, आपल्या गावाला कोण एवढे देतो?’ मालाचा अंदाज बांधायची माझी सवय. माशांच्या बाबतीत तो सहसा चुकत नाही.

लिलाव दुपारी झाला. भांगाचे दिवस होते, म्हणजे समुद्राला ओढ नसते, बोटी किनाऱ्यालाच असतात, म्हणून पुरुष सगळे हजर. देवळापुढच्या चिंचेखाली पाट मांडून त्यावर नारळ ठेवला होता. टोपली नसल्यामुळे हात त्या नारळावर ठेवायचा, असं ठरलं. सुरुवात करायच्या आधी गावकीने सगळ्यांचे फोन गोळा केले, कुणी व्हिडिओ काढून वर पाठवेल म्हणून. एका मोकळ्या टोपलीत ते टाकले. टोपलीतून अधूनमधून कुणाचा तरी फोन वाजायचा आणि लोक म्हणायचे, ‘जिता माल हाय.’

फोन एकाचाच घेतला नाही. तो आमच्याच गावचा, पण बोईसरला राहायला गेलेला. एमआयडीसीतल्या कारखान्यांना माणसं आणि टँकर पुरवायचा धंदा. बायकोसाठी बोली लावायला तो आला होता. फोन मागितल्यावर तो म्हणाला, ‘मला विचारून बोलावं लागतं.’ गावकीने मान डोलावली. कुणाला विचारून, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

आणखी दोघं-तिघं होते, ते दीड लाखाच्या आत गळाले. मग राहिली माझी जाऊ आणि तो ठेकेदार. जाऊ बायकांच्या पुढे उभी होती, पदर खोचून, खाडीत उतरताना खोचते तसा. ती पंचवीस हजारांनी चढायची. तो फोन कानाला लावायचा, दोन शब्द बोलायचा आणि पंचवीस हजारांनी चढायचा. पावणेतीन त्याचे झाले. जाऊ म्हणाली, ‘तीन.’

त्याने फोन लावला. फोन लागेना. आमच्या देवळाजवळ रेंजची बोंब आहे, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत. तो चार पावलं इकडे गेला, चार तिकडे, फोन वर धरून बघितला.

‘तीन लाख. एक वार,’ मी म्हणाले.

तो देवळाच्या ओट्यावर चढला.

‘दोन वार.’

आणि मी थांबले.

मी मुद्दाम थांबले नाही. कुणी मला पैसे दिले नव्हते. दिले असते तर बरं झालं असतं, निदान स्वतःला सांगायला कारण मिळालं असतं. बाहेरचा व्यापारी फोन लावतोय हे डोळ्यांनी पाहिलं आणि माझं तोंड आपोआप त्याच्या कामाला लागलं. मी नारळाकडे हात केला आणि म्हणाले, ‘बगा, बगा, पाच वर्सं टिकनारा माल हाय. बर्फ नको, मीठ नको.’

सगळे हसले. पुरुष हसले, बायका हसल्या, माझी जाऊही हसली. त्या हसण्यात त्याचा फोन लागला. तो पाठ करून बोलला आणि वळून म्हणाला, ‘सव्वातीन.’

बायकांत कुजबुज झाली. एकीने कानातल्या कुड्यांना हात लावला. जाऊ म्हणाली, ‘साडेतीन.’ पन्नास हजार कुठून येणार होते ते तिलाही माहीत नव्हतं. त्याने या वेळी फोन खाली घेतलाच नव्हता. ‘चार,’ तो म्हणाला, आणि कुणी काही बोलायच्या आत स्वतःच, ‘पाच.’ फोनवरच्या माणसाला बहुधा कंटाळा आला असावा.

मी एक वार, दोन वार, तीन वार म्हणाले. या खेपेला थांबले नाही, थांबायला कारण नव्हतं. नारळावर हात ठेवला. पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. पाच लाख म्हणजे मंडपाला फरशीसुद्धा होणार होती. गावकीतल्या एका म्हाताऱ्याने माझ्या पाठीवर थाप मारली, ‘सासूचं नाव राखलंस गो.’ मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? घरी पोचेपर्यंत बरं वाटत होतं.

चूल पेटवताना लक्षात आलं की मी काय केलं. मी भाताला आधण ठेवलं, भात झाला, माणसं जेवली. मला रडू आलं नाही, राग आला नाही. फक्त बोटांना त्या नारळाचा खरखरीतपणा जाणवत राहिला, आणि तोही दोन दिवसांत गेला.

पुढे ठरल्याप्रमाणे झालं. सरपंचपदाला एकच फॉर्म गेला. मतदान लागलंच नाही. शाळेत पेटी आली नाही, कुणाच्या बोटाला शाई लागली नाही, पाकिटं आली नाहीत. सासू तेवढ्यावर नाराज झाली. ठेकेदाराच्या बायकोने मला साडी पाठवली, मोरपंखी, जरीच्या काठाची. मी ती एका हळदीला नेसले. छान दिसते, असं चौघी-पाचजणी म्हणाल्या. सरपंचबाई स्वभावाने वाईट नाही. बोईसरहून झेंड्याला येते, सगळ्यांना वाकून नमस्कार करते, आणि तिच्यापुढे कागद ठेवला की नवऱ्याच्या तोंडाकडे बघून सही करते.

ना हरकतीचा विषय ग्रामसभेत आला तेव्हा जाऊ उठून बोलली. बरंच बोलली. ग्रामसेवकाने वहीत लिहिलं, ‘चर्चा झाली.’ मग हात वर करायला सांगितलं. मी हात वर केला की नाही, ते मला आठवत नाही. म्हणजे केला असणार.

पाइप पावसाळ्याच्या आधी टाकून झाला. त्यातून काय येतं ते मला सांगता येणार नाही, मी काही तेवढी शिकलेली बाई नाही. मला मासळी कळते. आधी निवट्या दिसेनाशा झाल्या. मग चिंबोऱ्या हलक्या लागायला लागल्या, जड म्हणून उचलावी तर आत मांसच नाही. कालवांना रॉकेलसारखा वास यायचा. सालवडच्या खोल्यांपुढे नेहमीची गिऱ्हाइकं विचारायची, ‘मौसी, ये खाड़ी का है क्या?’ आणि हो म्हटलं की परत टोपलीत ठेवायची. वीस बायकांपैकी पाच-सहा उरल्या, मग त्याही थांबल्या. देवळाचा मंडप मात्र खरोखर चांगला झाला आहे. फरशी गार लागते. दुपारची जाऊसुद्धा तिथे येऊन टेकायची, कारण ओहोटी लागली तरी तिला कुठे जायचं नसायचं.

आता ती बोईसरला एका कारखान्यात बाटल्यांना झाकणं लावते. डोक्यावर टोपी, हातात मोजे, दिवसभर उभं. ठेकेदार दुसरा आहे, हे ती न विचारता सांगते.

इतकं सगळं झाल्यावर, मधे दीडेक वर्ष गेल्यावर, मी पालघरला तहसील कचेरीत गेले होते. मुलीच्या कॉलेजसाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता. खिडकीवरच्या बाईंनी गावाचं नाव वाचलं आणि मान वर केली. निवडणुकीच्या वेळी त्यांची ड्युटी फॉर्म घ्यायच्या टेबलावर होती.

‘तुमच्या गावातून सरपंचपदाला एकच अर्ज होता ना?’ त्या म्हणाल्या. ‘शेवटच्या दिवशी आम्ही वेळ संपेपर्यंत बसून होतो. दुसरं कुणी आलंच नाही.’

मी म्हटलं, ‘पैसे कुठून आणणार बाई?’

‘कसले पैसे?’ त्यांनी विचारलं आणि अनामत किती असते ते सांगितलं. ‘ते भरायचे आणि अर्ज द्यायचा. मग मतदान झालं असतं.’

ती रक्कम एका टोपली बोंबलाइतकीसुद्धा नव्हती. मला माहीत नव्हतं असं म्हणू का? फॉर्म भरतात, मत देतात, ते मत कुणाला दिसत नाही, हे मला दहावीच्या नागरिकशास्त्रात होतं. त्यावर मला मार्कही पडले होते. पण आमच्या किनाऱ्यावर माझा हात पडल्यावर जगात आणखी कुठे तरी एक टेबल मांडलेलं असेल, तिथे एक बाई फॉर्मची वाट बघत बसली असेल, हे डोक्यात आलं नाही. वीस बायकांत कुणाच्याच आलं नाही, असं मी धरून चालले होते. गावात आमच्यापेक्षा मतं कोणाची जास्त होती? खाडीवरच्या वीस घरांची मतं, त्यांच्या माहेरच्यांची, शेजारच्यांची. ती मोजायची राहिली आणि आम्ही बांगड्या मोजत बसलो.

दाखला घेऊन मी बाहेर आले, स्टॅंडवर चहा प्यायले, बोईसरची गाडी पकडली.

शुक्रवारी कारखान्याला सुट्टी असते, म्हणून पुढच्या शुक्रवारी जाऊ आमच्याकडे जेवायला आली. चुलीपाशी बसून लसूण सोलत होती. मी बोंबील साफ करत होते. मान खाली ठेवून मी तिला ते सांगितलं.

‘बाय, आपन फुकट बोली लावली. तिकडं पालघरला फॉर्म दिला असता तरी चाललं असतं. एवढे पैसे पन लागत नवते.’

ती लसूण सोलत राहिली.

‘मना ठावं होतं,’ ती म्हणाली.

मला वाटलं ती आत्ताचं म्हणतेय, कारखान्यात कुणी सांगितलं असेल. पण ती तेव्हाचंच म्हणत होती. लिलाव झाल्यावर चार दिवसांनी ती बोईसरला कॉम्प्युटरवाल्याकडे गेली होती. त्याच्याकडून फॉर्म भरून घेतला, कागद जोडले, फोटो चिकटवला. शेवटच्या दिवशी पहिल्या गाडीने पालघरला गेली. अनामतीचे पैसे कमरेला होते.

‘मग?’

‘मग काय? भायेर बाकडा होता, त्याच्यावर बसले. आत बाय बसलेली दिसत होती. दोनदा दारापरेंत गेले. मग येल संपला, ते टेबल उचलायला लागले. मी आले घरी.’

माझ्या हातातला बोंबील खाली ठेवला मी. ‘अगो, पन का नाय दिला?’

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिला माझ्या न कळण्याचं नवल वाटत होतं.

‘तू हात ठेवलावतास ना? सगल्या गावासमोर. मी फॉर्म दिला असता तर तुजा पुकार खोटा पडला असता. मंग बंदरावर तुजं कोन ऐकला असता? उद्या कोनी पन तीन वार जाल्यावर उठून बोलला असता, हिच्या घरच्या जावेनंच नाय मानलं, मी कशाला मानू? तुमचं घर चालतं त्याच्यावर. पोरगीचं कॉलेज हाय. माजं काय, मी एकटी.’

घरात दुसरं कुणी नव्हतं. मी तिला उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला कळलं की तिला अजून एक गोष्ट माहीत नाही, आणि ती मी आता सांगितली नाही तर कधीच सांगणार नाही.

‘बाय, त्या दिवशी त्याचा फोन लागत नवता. तुजे तीन लाख होते. मी तीन वार बोलले असते तर संपलं असतं. मी थांबले.’

‘ते पन ठावं हाय,’ ती म्हणाली. ‘तू रोजच थांबतेस. चांगली पुकारतेस तू.’

तिच्या बोलण्यात टोचणी नव्हती. असती तर मी भांडले असते, भांडायला मला वेळ लागत नाही. तिने सोललेला लसूण ताटलीत गोळा केला आणि वाटायला घेतला. आता तरी रडू येईल असं वाटून मी तोंड फिरवलं. आलं नाही. तेल तापलं होतं, मी त्यात बोंबील सोडले.